डांबरी रस्त्याची गाडी

बजाजने २०२२ मध्ये पल्सर २२०एफ बंद केली. तिच्या जागी बसणारी एफ२५० ऑक्टोबर २०२१ मध्येच आली होती. इंजिन नवे, चासी नवी, दिवे नवे. कंपनीच्या हिशेबाने जुन्या गाडीचे काम संपले होते. पण गिऱ्हाईक शोरूममध्ये येऊन जुनीच मागत राहिले आणि २०२३ च्या सुरुवातीला कंपनीने तीच गाडी जवळपास त्याच रूपात पुन्हा विकायला काढली. दुचाकीच्या धंद्यात असे क्वचित घडते. बंद झालेली गाडी परत येते तेव्हा बहुतेक वेळा तिचे फक्त नाव परत येते. हिरोच्या करिझ्माचे तसे झाले. २००३ ची करिझ्मा आणि २०२३ ची करिझ्मा एक्सएमआर यांच्यात नावापलीकडे सामाईक म्हणावे असे फारसे काही नाही.

भोसरीच्या एमआयडीसीत, प्लास्टिकच्या साच्यांच्या टूलरूममध्ये माझी नोकरी झाली. मडगार्ड, साइड पॅनेल, फेअरिंग यांचे साचे करायचे आणि शेजारच्या शेडमधल्या मोल्डिंग मशीनवर ते चालवून द्यायचे, हे आमचे काम. त्यामुळे एखादी गाडी येणार हे आम्हाला जाहिरातीच्या बरेच आधी कळायचे, आणि ती जाणार हेही. येणार असेल तर ड्रॉइंग यायचे, कंपनीची माणसे यायची, ट्रायलच्या तारखा ठरायच्या. जाणार असेल तेव्हा कोणी सांगायला येत नसे. महिन्याचे शेड्यूल उतरत जायचे आणि एक दिवस त्या पार्ट नंबरसमोरचा रकाना रिकामा यायचा. मग साचा मशीनवरून उतरवायचा, आत गंजरोधक फवारायचे, बाहेरून तेल लावायचे आणि टॅग बांधून यार्डात ठेवायचा. साच्याची मालकी कंपनीची. आमच्याकडे तो नुसता सांभाळायला.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत असे तेल लावायची वेळ ज्या साच्यांवर जास्त आली, ते फेअरिंगचे होते. मी स्वतः तशाच गाडीवर हिंडलेला माणूस. त्यामुळे ती गोष्ट मनाला लागली आणि तिचा नीट विचार करावासा वाटला.

स्पोर्ट-टूरर म्हणजे लांब पल्ल्याच्या डांबरी रस्त्यासाठी बांधलेली गाडी. समोरचा वारा अडवणारे फेअरिंग, रेसिंगच्या गाडीइतके खाली नाही आणि क्रूझरइतके वरही नाही असे हँडल, किंचित पुढे झुकलेली बैठक, मोठी टाकी, मागच्या माणसाला खरोखर बसता येईल अशी सीट, आणि घाटात वळणावर टाकताना बिनधास्त झुकणारी चासी. पुण्याहून पहाटे निघावे, कराडला नाष्टा करावा, निपाणीला महामार्ग सोडून आजऱ्यावरून आंबोलीचा घाट उतरावा, सावंतवाडीला जेवायला थांबावे आणि गाडीवरून उतरताना पाठ, खांदे, मनगटे जागच्या जागी असावीत. एवढेच या गाडीचे वचन असते. ऐकायला ते साधे वाटते, बांधायला अवघड आहे.

अवघड आहे ते वाऱ्यामुळे. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. साठच्या वेगावरून नव्वदला गेलो की छातीवर येणारा जोर सव्वादोन पट होतो आणि तो कापायला इंजिनाला तिपटीहून जास्त ताकद लावावी लागते. चालवणाऱ्याला हे आकडे माहीत नसतात, पण साताऱ्याच्या पुढे गेल्यावर त्याची मान ते सांगू लागते. हेल्मेट मागे ओढले जाते, हँडलला लटकल्यासारखे होते, बोटे बधिर होतात. सरळ उघड्या गाडीवर दोन तासांत जो थकवा येतो, तो चांगल्या फेअरिंगमागे चार तासांतही येत नाही. हे मी दोन्ही प्रकारच्या गाड्या त्याच रस्त्यावर चालवून सांगतो आहे.

या जातीची सुरुवात मी १९७६ च्या बीएमडब्ल्यू आर१००आरएसपासून धरतो. फेअरिंग लावलेल्या गाड्या त्याआधीही होत्या, पण हान्स मुथ यांच्या हाताखाली घडलेल्या या गाडीचे फेअरिंग इटलीत पिनिनफरिनाच्या विंड टनेलमध्ये तपासून ठरवले गेले. पुढच्या तीन दशकांत जपान्यांनी हे काम फार उंचीवर नेले. कावासाकीची कॉनकोर्स १९८६ मध्ये आली आणि फारसा बदल न होता २००६ पर्यंत बनत राहिली. होंडाची एसटी११०० १९९० ची: लांबीत बसवलेले व्ही-४ इंजिन, चेनऐवजी शाफ्ट, २८ लिटरची टाकी. युरोपात तिचे नाव पॅन युरोपियन, म्हणजे अख्खा खंड एका दमात ओलांडण्याची महत्त्वाकांक्षा नावातच. ब्रिटनच्या पोलिसांनी या घराण्याच्या गाड्या वर्षानुवर्षे वापरल्या. यामाहाची एफजेआर१३०० २००१ मध्ये आली. कावासाकीने कॉनकोर्सच्या जागी १४००जीटीआर आणली, ट्रायम्फने २०१२ मध्ये ट्रॉफी नव्याने आणली. होंडाने २०१० च्या व्हीएफआर१२००एफमध्ये मोटरसायकलवर प्रथमच ड्युअल क्लचचा गिअरबॉक्स दिला. कंपन्यांना तेव्हा आपले सगळ्यात नवे तंत्र या गाड्यांत घालावेसे वाटत होते, हे लक्षात घ्यायला हवे.

आज यांतल्या बहुतेक त्या रूपात उरलेल्या नाहीत. एसटी११०० ची वारसदार एसटी१३०० गेली, व्हीएफआर१२००एफ गेली, ट्रॉफी पाच वर्षांत आटोपली. एफजेआर १३०० ची २०२० ची ‘अल्टिमेट एडिशन’ युरोपातली शेवटची ठरली. जीटीआर आधी युरोपातून आणि नंतर अमेरिकेतूनही गेली. बीएमडब्ल्यूने मात्र आरएस आणि आरटी ही दोन्ही नावे राखली आणि १३०० सीसीच्या नव्या इंजिनावरही आणली. ज्या घराने हा प्रकार रुजवला त्यानेच तो टिकवावा, यात मला एक समाधान आहे.

पण बीएमडब्ल्यूचेही पोट या गाड्यांवर भरत नाही. २०२२ मध्ये कंपनीने जगभर २ लाख २ हजारांहून अधिक दुचाकी विकल्या आणि त्यांत एकट्या आर१२५०जीएस आणि तिच्या ॲडव्हेंचर भावंडाचा वाटा ६० हजारांच्या आसपास होता. दहांतल्या जवळजवळ तीन. उंच सीट, लांब शॉकअप, रुंद हँडल, चोचीसारखे पुढचे मडगार्ड असलेली ही ॲडव्हेंचर जातीची गाडी. कच्च्या रस्त्यासाठी बनलेली, आणि बहुतेक वेळ पक्क्या रस्त्यावर चालणारी.

हे कसे झाले? एक प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. २००४ मध्ये इवान मॅकग्रेगर आणि चार्ली बूरमन हे दोन अभिनेते लंडनहून पूर्वेकडे निघाले आणि कझाकस्तान, मंगोलिया, सायबेरिया, अलास्का करत न्यूयॉर्कला पोहोचले. ‘लाँग वे राउंड’ ही त्या प्रवासाची मालिका. त्यांना आधी केटीएमच्या गाड्या हव्या होत्या. हा प्रवास पार पडेल असा भरवसा न वाटल्याने केटीएमने नकार दिला आणि बीएमडब्ल्यूने आर११५०जीएस ॲडव्हेंचर पुरवल्या. मालिकेत त्या गाड्या चिखलात रुतल्या, नद्यांत पडल्या, त्यांच्या फ्रेम मोडल्या आणि वेल्डिंग करून पुन्हा चालल्या. पाहणाऱ्यांच्या मनात एक चित्र पक्के बसले: दूर जायचे तर गाडी अशी हवी. जगातल्या लाखो लोकांनी पुढे तशी गाडी घेतली आणि तिच्यावरून ते ऑफिसला जातात, सुटीत शेजारच्या राज्यात जातात. माणूस गाडी घेतो तेव्हा ज्या रस्त्यावर रोज जाणार त्या रस्त्याचा विचार थोडा करतो, आणि ज्या रस्त्यावर एकदा तरी जायचे आहे त्याचा फार करतो. मंगोलियाच्या जागी लडाख ठेवा, आपली गोष्ट वेगळी नाही. रॉयल एनफिल्डची हिमालयन २०१६ ची, हिरोची एक्सपल्स २०० २०१९ ची, चाकणला बनणारी केटीएम ३९० ॲडव्हेंचर २०२० ची, सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स २०२२ ची. टीव्हीएसची अपाचे आरटीएक्स ३०० ऑक्टोबर २०२५ मध्ये आली.

त्याच काळात आपल्याकडची डांबरी रस्त्याची गाडी एकेक करून गेली. होंडाने सीबीआर२५०आर २०११ मध्ये भारतात आणली: २४९ सीसी, पाण्याने थंड होणारे इंजिन, पूर्ण फेअरिंग, ज्याला हवे त्याला एबीएस. ती २०१७ मध्ये थांबली, २०१८ मध्ये परतली आणि २०२० मध्ये कायमची गेली. यामाहाची फेझर २००९ ची, फेझर २५ २०१७ ची. दोन्ही प्रदूषणाच्या बीएस-६ नियमाच्या उंबरठ्यावर संपल्या. २१ लिटरची टाकी असलेली महिंद्राची मोजो बीएस-६ करून झाली तरी टिकली नाही.

हा उंबरठा समजून घेतला पाहिजे, कारण कंपन्यांचे निर्णय तिथेच होतात. एप्रिल २०१७ ला बीएस-४ आणि एप्रिल २०२० ला थेट बीएस-६. युरोपात साधारण याच काळात युरो-४ आणि युरो-५. नियम बदलला की प्रत्येक इंजिनाची नव्याने जुळणी, नवे सेन्सर, नवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, चाचण्या, प्रमाणपत्रे. कार्ब्युरेटरची गाडी असेल तर सगळी इंधनव्यवस्थाच बदलायची. महिन्याला हजारो विकणारी गाडी हा खर्च अंगावर घेऊन पुढे जाते. शेकड्यांत विकणाऱ्या गाडीसमोर मात्र त्या दिवशी कोणीतरी कागद ठेवतो आणि विचारतो, हिच्यावर एवढे पैसे घालायचे का? प्रश्न रास्त आहे. मी त्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलो आहे, म्हणून कंपन्यांवर सरसकट राग काढणे मला जमत नाही. स्वच्छ हवेचा नियम हवाच होता, त्याबद्दलही माझी तक्रार नाही.

फेअरिंगच्या गाडीला तर आणखी एक ओझे आहे आणि ते माझ्या कामाचे म्हणून सांगतो. उघड्या गाडीला प्लास्टिकचे मोजके भाग लागतात. पूर्ण फेअरिंगला डावे-उजवे मिळून डझनभर तरी, आणि प्रत्येकाला स्वतंत्र साचा. लहान भागाचा साचा काही लाखांत होतो, मोठ्या पॅनेलचा खर्च त्याच्या कितीतरी पट. पोलाद मोठे, कोरायला वेळ जास्त, चालवायला मोठ्या टनाची मशीन. हा सगळा पैसा विकल्या जाणाऱ्या नगांवर वाटला जातो. साचा लाखो शॉट देऊ शकतो. पण गाडीच पंचवीस-तीस हजार विकली गेली तर तोच साचा प्रत्येक पॅनेलवर जड होऊन बसतो. शिवाय दोन पॅनेलमधली फट सगळीकडे सारखी यायला हवी, रंगाची छटा जुळायला हवी, खड्ड्यात वाजायला नको. एकेका फटीसाठी आम्ही ट्रायलमागून ट्रायल घेतल्या आहेत. ॲडव्हेंचर गाडीला हे काहीच लागत नाही: चोच, टाकीच्या बाजूचे दोन भाग, एक काच, बाकी नळ्या आणि जाळ्या. दिसायला ती भरभक्कम दिसते आणि बनवायला स्वस्त पडते. विक्रीचा आकडा आणि हा हिशेब एकाच दिशेला बोट दाखवू लागले, मग कोणत्या उत्पादन-प्रमुखाने वेगळे ठरवावे?

तरीही सगळा दोष हिशेबाचा आणि फॅशनचा नाही. आपल्याकडे रस्त्याचाही आहे.

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे २००२ मध्ये पूर्ण खुला झाला. दुचाकीला तो बंद आहे. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये शेवटच्या टप्प्यासह पूर्ण झाला, तोही बंद. वांद्रे-वरळी सागरी सेतू बंद, अटल सेतू बंद. वेगातली तफावत, वाऱ्याचा झोत, अपघाताचा धोका ही कारणे मला समजतात आणि आपल्याकडची लेनची शिस्त पाहता ती पोकळ आहेत असेही मी म्हणणार नाही. पण परिणाम स्पष्ट आहे. गुळगुळीत, लांब, अखंड डांबर किंवा काँक्रीट ज्या गाडीसाठी, तिलाच राज्यातला तसा रस्ता निषिद्ध. जर्मनीत आरटी घेणाऱ्याला ऑटोबान मिळतो. आपल्याला मिळतो पुणे-कोल्हापूर महामार्ग, वर्षानुवर्षे चाललेल्या रुंदीकरणासह: मध्येच सोडलेले डांबर, मुरमाचे वळणरस्ते, पुलाच्या सांध्यावरची उंचवट्याची पट्टी, गावाजवळचे रंग न मारलेले गतिरोधक. मुंबई-गोवा महामार्गाचे काम २०११ पासून चालू आहे. त्याबद्दल कोकणातल्या वाचकांना मी वेगळे काय सांगणार? अशा रस्त्यावर लांब शॉकअपची गाडी घेणारा माणूस लडाखच्या स्वप्नात हरवलेला नसतो. तो पेणच्या पुढचे खड्डे आठवून गाडी घेत असतो. त्याचे बरोबर आहे. सरळ बसणे, रुंद हँडल, खड्डा गिळणारा शॉकअप, मागे सामान बांधायला पक्की जागा हे ॲडव्हेंचर गाडीचे गुण खरे आहेत आणि मी ते नाकारत नाही.

माझे म्हणणे इतकेच की एका गाडीने सगळ्यांची सोय होत नाही, आणि ज्यांची होत नाही त्यांचा विचार या निर्णयांत कुठेच दिसत नाही.

जमिनीपासून सीटची उंची हा आकडा गाडीच्या माहितीपत्रकात शेवटी कुठेतरी असतो. जुन्या करिझ्माची सीट ७९५ मिलिमीटर, पल्सर २२०एफची ७९५. एक्सपल्सची ८२५ च्या आसपास, २०२० च्या ३९० ॲडव्हेंचरची ८५५. कागदावर फरक सव्वा ते अडीच इंचांचा. पाच फूट चार इंच उंचीच्या माणसाला तो फरक म्हणजे दोन्ही टाचा जमिनीवर टेकणे आणि एका पायाचा चवडा कसाबसा टेकणे यांतला. मागे कोणी बसलेले, टाकी भरलेली, सामान बांधलेले, आणि घाटात चढावर ट्रकमागे थांबायची वेळ आली, रस्ता बाजूला उतरता असला की कळते. माझी भाची पाच फूट एक इंच आहे. महामार्गावर ती माझ्याहून सफाईने गाडी चालवते. ॲडव्हेंचर गाडीची टेस्ट राइड घेऊन आल्यावर ती म्हणाली, “मामा, मला गाडी चालवायची भीती नाही वाटत, थांबवायची वाटते.” तिला दुरुस्त करायला माझ्याकडे काही नव्हते. रॉयल एनफिल्डने पहिल्या हिमालयनची सीट ८०० मिलिमीटरवर ठेवली, हे मी त्या गाडीचे सगळ्यात मोठे शहाणपण मानतो आणि तिच्या यशात त्याचा हात नक्की असणार.

मागे बसणाऱ्याचेही असेच. आमच्या घरी गुडघ्यांचे दुखणे आहे. सव्वाआठशे-साडेआठशे मिलिमीटरच्या गाडीची मागची सीट त्याहून उंच. तिथे, सामानाच्या पेट्यांवरून पाय टाकून चढणे बायकोला जमत नाही. आमच्या जुन्या गाडीवर ती न सांगता बसते, फेअरिंगमुळे वाऱ्याचा झोत तिच्याही अंगावर कमी येतो, आणि घाटात तिला झोकांडी बसत नाही कारण गाडीचे वजन खाली आहे. आपल्याकडे दोघांनी मिळून गाडीवर देवदर्शनाला, गावाकडे, लेकीच्या घरी जाणारी माणसे किती आहेत! बाजाराच्या भाषेत त्यांना साहसी म्हणत नाहीत. पण वर्षाकाठी किलोमीटर तेच जास्त करतात.

यातून मार्ग आहे आणि तो कोणी दाखवूनही दिला आहे. होंडाने २०२२ साठी युरोपात एनटी११०० आणली. इंजिन आफ्रिका ट्विन या ॲडव्हेंचर गाडीचेच, १०८४ सीसीचे. पुढे मोठ्या चाकाऐवजी रस्त्याचे सतरा इंची चाक, सीट खाली, समोर नीट फेअरिंग आणि काच, बाजूला पेट्या. एसटी१३०० गेल्यानंतर जी जागा रिकामी होती ती, स्वतंत्र इंजिनाचा खर्च न करता, होंडाने भरली. यामाहाने एमटी-०९ चे तीन सिलिंडरचे इंजिन घेऊन ट्रेसर केली. सुझुकीची २०२१ ची जीएसएक्स-एस१०००जीटी २००५ च्या जीएसएक्स-आर१००० च्या इंजिनावर उभी आहे. कावासाकीची निंजा १०००एसएक्स आता ११००एसएक्स झाली आणि आपल्याकडेही मिळते, पण २०२४ मध्ये इथे आली तेव्हाच तिची किंमत साडेतेरा लाखांच्या घरात होती. त्यात आपल्या बहुतेकांचे काम होत नाही. जुन्या खंडप्राय गाड्या, तीनशे किलोच्या आसपासच्या, परत येणार नाहीत आणि मला त्या परत यायलाही नको आहेत. त्यांचे गुण हलक्या, सामाईक इंजिनाच्या गाडीत उतरले तर झाले.

आपल्याकडे हे करायला आजच्याइतकी चांगली वेळ याआधी आली नव्हती. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी १८ टक्के झाला आणि त्यावरच्या गाड्यांवर तो ४० टक्के आहे. म्हणजे अडीचशे-तीनशे सीसीच्या गाडीला कराचा सरळ फायदा. महामार्गावर नव्वद-शंभरच्या वेगाने दोघांना नेणारे इंजिन या आकारात आरामात बसते, आणि अशी इंजिने बजाज, टीव्हीएस, हिरो, सुझुकी सगळ्यांकडे तयार आहेत. सुझुकीची २०१९ पासूनची जिक्सर एसएफ २५० ही त्यातल्या त्यात माझ्या मनातल्या गाडीच्या जवळची. बजाजने २०२१ मध्ये डोमिनार ४०० ला कारखान्यातूनच मोठी काच, हातांचे संरक्षक आणि मागे कॅरियर लावून दिले, तेव्हा मला वाटले होते की आता पुढचे पाऊल फेअरिंगचे. ते पडले नाही. ॲडव्हेंचर गाडीच्याच चासीवर सतरा इंची चाके, ७९० मिलिमीटरची सीट, पंधरा लिटरची टाकी आणि आठ पॅनेलमध्ये बसवलेले अर्धे फेअरिंग एवढे केले तरी साच्यांचा खर्च आवाक्यात राहतो. हे मी अंदाजपंचे लिहीत नाही; असे साचे करण्यात माझी उमर गेली आहे. २२०एफ परत आणावी लागली, यावरून गिऱ्हाईक आहे हेही कळलेच आहे.

आणि बंद केलेल्या गाड्यांबद्दल कंपन्यांकडे एक मागणे. माझी स्वतःची गाडी बीएस-६ च्या वेळी बंद झालेली. पेट्रोल पंपावर स्टँडवरून कलंडून तिचे डावे पॅनेल तडकले. सर्व्हिस सेंटरमध्ये ऑर्डर लिहून घेतली. महिने गेले, पॅनेल आले नाही. शेवटी नाना पेठेत एका कारागिराकडून प्लास्टिक वेल्डिंग करून घेतले. त्याने काम मन लावून केले, पण मला राहून राहून त्या यार्डाची आठवण येत होती. त्या पॅनेलचा साचा कुठेतरी तेल लावून, गुंडाळून ठेवलेला असणार. साचा मशीनवर चढवायला काही तास लागतात, आणि एका शिफ्टमध्ये काही शे नग निघतात. गाडी बंद करताना प्रत्येक पॅनेलचा एक शेवटचा भरपूर लॉट काढून ठेवावा, आणि पुढची दहा वर्षे कोणते भाग मिळतील ते गाडीच्या मालकांना कळवावे. गाडी बंद करण्याचा हक्क कंपनीला आहे. विकलेल्या गाडीची जबाबदारी त्याच दिवशी संपत नाही.

वाचकांपैकी कोणी नवी गाडी घ्यायला निघाले असेल तर शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर बसून पाहू नका. मागे घरच्या माणसाला बसवून, चढावर थांबून पाहा, आणि दोन्ही टाचा टेकल्या नाहीत तर ते विक्रेत्याला स्पष्ट सांगा, म्हणजे ते वर कुठेतरी नोंदले जाईल. आणि दारात अशी जुनी फेअरिंगची गाडी उभी असेल तर एवढ्यात विकू नका. तिची काच, हेडलाइटचा संच, फेअरिंगचे ब्रॅकेट आणि केबल अजून मिळताहेत तोवर घेऊन ठेवा.